थोरली, धाकटी आणि गादी

३ फेब्रुवारी

आत्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. गाडीबद्दलचं काहीही फोनवर बोलायचं नाही, कारण तुझ्या फोनला माझ्या बाबांचे कान जोडलेले असतात, असं तूच सांगून ठेवलंयस. वरच्या मजल्यावर राहून खालच्या मजल्यावरचं ऐकण्यात बाबांचा हात कुणी धरणार नाही. म्हणून कागद घेतला.

इथे येऊन तीन आठवडे झाले. काम तेच, बंद पडलेल्या लिफ्टा चालू करायच्या. मला सोळा इमारती दिल्यात आणि त्या कुणीतरी मूठभरून भिरकावल्यासारख्या गावभर पसरल्यात. अवजारांची पिशवी अकरा किलोची. मी बसने पोचते तोवर लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने आयुष्यातल्या सगळ्या चुका आठवून संपवलेल्या असतात. तेव्हा गाडी घ्यायची हे नक्की. कोणती, हा प्रश्न आहे.

इथे दर रविवारी सकाळी गाडीवेड्यांची एक टोळी जमते. मीही दोन रविवार जाऊन आले. त्यांचा म्होरक्या एक नोटरी आहे. त्याच्याकडे साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरची मोटरसायकल. तो म्हणतो, एका सिलिंडरवर माणूस कामाला जातो, दोन सिलिंडरवर माणूस प्रवासाला जातो. तो स्वतः अकरा किलोमीटरवरच्या चहाच्या टपरीपर्यंत जातो आणि परत येतो. दुसऱ्याला सगळे 'आकडे' म्हणतात. बाजारात आलेल्या आणि येऊ घातलेल्या प्रत्येक गाडीचं वजन, ताकद, सीटची उंची त्याला पाठ. चार वर्षं तो कोणती घ्यायची ते ठरवतोय आणि तोवर मोटारीने येतो. तिसरी एक बेकरीवाली. तिच्याकडे दीडशेची साधी गाडी, मागे ब्रेडचे क्रेट बांधायला पट्टे. ती सगळ्यांच्या आधी येते, बोलत काही नाही, आणि आठ वाजता दुकान उघडायचं म्हणून निघून जाते. तिला खरी गाडीवेडी कुणी मानत नाही, कारण ती खरोखर कुठेतरी जाते.

मी दोन गाड्या बघितल्यात. एक नवी दीडशेची, एकशे अडतीस किलो. दुसरी नवी साडेसहाशेची, दोनशे आठ किलो. टोळीचा निकाल एकमताने लागला. दीडशेची म्हणजे सायकलला हॉर्न, वर्षात कंटाळशील, घे तर मोठीच. आता तू सांग. चौदा वर्षं थोरलीवर, त्या तुझ्या अवजड गाडीवर, बसून कवळ्या पोचवणाऱ्या बाईचं मत मला नोटरीच्या शिक्क्यापेक्षा मोठं आहे.

सात तारखेला तुझा वाढदिवस. कार्डाची वाट बघते. घर सोडल्यापासूनची आठही कार्डं जपून ठेवलीत. प्रत्येकावर एकच शब्द, 'उचलली.' पोस्टमनला वाटत असेल, माझ्या घरी चोरांची टोळी पत्रव्यवहार करते.

तुझी,
लिफ्टवाली


११ फेब्रुवारी

भाचीबाई,

पत्र मिळालं. वाचता वाचता मेण जास्त तापलं आणि एका सद्गृहस्थाचा खालचा जबडा मला पुन्हा करावा लागणार आहे. त्याला आणखी चार दिवस पेज प्यावी लागेल, आणि याला तुझा नोटरी जबाबदार आहे हे त्याला कधीच कळणार नाही.

गाड्यांबद्दलची मतं मी सत्तावीस वर्षं ऐकतेय. नियम सोपा असतो. आपली जी गाडी, तिच्या वरची ती उधळपट्टी आणि तिच्या खालची ती खेळणं. माणूस गाडी बदलतो त्या दिवशी ही रेघ त्याच्याबरोबर सरकते आणि त्याला वाटतं आपण अनुभवी झालो. त्यातल्या त्यात तुझा तो आकडे प्रामाणिक. त्याच्याकडे गाडीच नाही, त्यामुळे त्याला सगळ्यांतच दोष दिसतात.

तू विचारलंस म्हणून सांगते. दीडशेची घे. हलकी आहे, चिंचोळ्या जागेत वळते, भिंतीला टेकवून कुठेही उभी राहते. पोटापाण्याच्या फेऱ्या मारायला दोनशे किलो लोखंड अंगाखाली घेऊन हिंडण्यात काही पराक्रम नाही. मोठी गाडी ही शेवटी सवय असते, आणि सवयीलाच माणूस जन्मभर प्रेम म्हणत बसतो. पडली तर स्वतः उचलता आली पाहिजे, एवढी एकच अट धर. लोक हसले तर हसू देत. हसणाऱ्यांना तुझी गाडी उचलायची नसते. दीडशेची घे, वाद घालू नकोस, आणि उगाच उशीर करू नकोस.

इकडे सगळं नेहमीसारखं. परवा तीन दवाखाने केले, बावन्न किलोमीटर झाले. तुझा बाप कुंडीत टोमॅटो लावतोय आणि शेतकरी झाल्यासारखा हवामानावर बोलतोय.

आत्या


२० फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाटलं अक्षर तुझं आहे, पण मजकूर बाबांनी सांगितलाय.

विक्रेताही हेच म्हणाला होता. माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "मॅडमना ही छोटी छान दिसेल." त्याला मी काही बोलले नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण तू? मी सोळा वर्षांची असताना तू मागच्या अंगणात जुनी गादी टाकलीस, थोरलीला तिच्यावर आडवं घातलंस आणि म्हणालीस, जिला पडलेली गाडी एकटीने उचलता येत नाही तिने ती चालवायची नाही. मला तेव्हा आली नाही. तू मला सरबत पाजून घरी पाठवलंस आणि वर्षभराने परत बोलावलंस. दुसऱ्या खेपेला आली. त्या दिवशी तू मला 'छान दिसेल' अशी काही गोष्ट सांगितली नव्हतीस.

तर मी शनिवारी गादी घेऊन शोरूममध्ये गेले. माझी स्वतःचीच, झोपायची. व्यवस्थापकाला सांगितलं की गाडी घ्यायच्या आधी ती आडवी घालून बघायची आमच्या घरची पद्धत आहे. त्याने दोन ठिकाणी फोन केले आणि माझ्याकडून लिहून घेतलं की गाडी ग्राहकाच्या इच्छेने पडली. टोळी बघायला आली होती. नोटरीने त्या कागदावर साक्ष घातली, आयुष्यात पहिल्यांदा फुकट.

पाठ सीटला, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, आणि पायांनी मागे चालत जायचं. तू शिकवलेलं तसंच्या तसं. पहिल्यांदा नाही आली. दुसऱ्यांदा अर्धी आली. तिसऱ्यांदा साडेसहाशेची उभी राहिली आणि बेकरीवालीने मान हलवली. मग सगळ्यांनाच हुक्की आली. आकडेने आधी सांगितलं की हे पूर्णपणे कोनाचं गणित आहे. मग तो खाली बसला आणि बराच वेळ गणितच करत राहिला. नोटरीने आपली पाठ धरली आणि म्हणाला, गाडी पाडूच नये हे खरं कौशल्य. आता दर रविवारी गादी आणायची असं टोळीत ठरलंय.

साडेसहाशेचीच घेतली. रागावू नकोस. उचलली, म्हणून घेतली.

आणि तुझं कार्ड आलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा. कुठेतरी गहाळ झालं असेल. दुसरं पाठव, रांग मोडायला नको.

तुझी,
लिफ्टवाली


२ मार्च

भाचीबाई,

अभिनंदन. तिसऱ्या खेपेला का होईना, उचलली म्हणजे उचलली.

थोडं लिहिते, कामाची गर्दी आहे. एका दवाखान्याने एकदम पाच कवळ्या मागितल्यात. गावात जेवणाचा काहीतरी मोठा कार्यक्रम असावा.

मोठ्या गाडीबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेव. उतारावर तोंड खाली करून उभी करू नकोस, मागे ढकलताना देव आठवेल. आणि वळताना थांबायचं झालं तर पुढचा ब्रेक हळू, ती त्या क्षणाचीच वाट बघत असते.

कार्डाचं म्हणशील तर यंदा गादी उसवली होती, शिवायला दिलीय. थोरलीही जरा विश्रांती घेतेय. सर्व्हिसला द्यायची आहे. बघू.

मी रागावलेली नाही. 'छान दिसेल' असं मी तुला म्हटलेलं नाही, पत्र पाचव्यांदा वाच.

आत्या


१९ मार्च

आत्या,

गाडी येऊन तीन आठवडे झाले. टोळीचं मत विचारशील तर माझी गाडी आता जुनी झाली. पुढच्या महिन्यात तिचीच नवी आवृत्ती येतेय, रंगीत पडद्याची. आकडेने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी गेल्या वर्षीचं दूध प्यायले.

माझं मत विचारशील तर मोकळ्या रस्त्यावर तिच्यासारखी गाडी नाही. पण मोकळा रस्ता माझ्या वाट्याला येतो रविवारी, तासभर. बाकी सहा दिवस तळघरं. लिफ्टची खोली गच्चीवर आणि गाडीची जागा तळघरात, हा इमारती बांधणाऱ्यांचा कट असावा. दिवसाला चौदा ठिकाणी चढाव, उतार, खांब, कुणाची तरी आडवी लावलेली मोटार, आणि दोनशे आठ किलो मागे ढकलायचे. बेकरीवालीने एकदा विचारलं, दिवसाला किती वेळा चढता-उतरता. मी म्हटलं चौदा. ती 'अच्छा' म्हणाली आणि ब्रेड बांधायला लागली. नोटरीच्या दोन तासांच्या भाषणापेक्षा तो 'अच्छा' मला जास्त लागला.

आता मुद्द्याचं. बाबांनी मला त्यांच्या पहिल्या टोमॅटोचा फोटो पाठवला. टोमॅटो लिंबाएवढा आहे, पण त्याच्या मागे काय काय दिसतं ते बाबांच्या ध्यानात आलं नाही. मागे थोरली उभी आहे. तिच्या हँडलवर बाबांचे बनियन वाळताहेत. मागचं चाक खाली बसलंय, म्हणजे हवा भरून महिना तरी झाला. आणि गच्चीच्या कठड्यावर गादी टाकलीय. तीच, निळ्या पट्ट्यांची. कुठे उसवलेली दिसत नाही.

मग मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, तुझ्या आत्याला अखेर शहाणपण सुचलं, हल्ली बसने जाते, कवळ्यांचा डबा मांडीवर घेऊन. आणि लगेच टोमॅटोवर गेले. बाबा एखाद्या विषयावरून इतक्या चटकन उठत नाहीत.

चौदा वर्षांत तू थोरलीची साखळी दुसऱ्या कुणाला पुसू दिली नाहीस. तिला सर्व्हिसला देणार ही तुझी थाप मी तेव्हाच पकडायला हवी होती. पण मी रागात होते, आणि रागात माणूस स्वतःबद्दलच्या ओळी तेवढ्या वाचतो.

सात फेब्रुवारीला काय झालं?

तुझी,
लिफ्टवाली


१६ एप्रिल

भाचीबाई,

महिना लावला. तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा कवळ्या जास्त निकडीच्या वाटल्या. शेवटी सगळ्या गावाला दात बसवून झाले आणि सबब उरली नाही.

सात फेब्रुवारीला सकाळी दर वाढदिवसासारखी गादी टाकली, पेट्रोलचा कॉक बंद केला, थोरलीला आडवं घातलं. पाठ लावली. पाय म्हणाले हो, पाठ म्हणाली हो, उजवा खांदा म्हणाला विचार करून सांगतो. पाच वेळा विचारलं. पाचव्यांदा त्याने स्पष्ट सांगितलं. मी तिच्या शेजारी गादीवर बसून राहिले. दोघी पंचावन्न वर्षांच्या वाटत होतो, खरं तर ती चौदाचीच.

तेवढ्यात तुझा बाप कपडे वाळत घालायला खाली आला. बादली ठेवून म्हणाला, "ताई, गाडीला गादीवर का निजवलंस?" मी म्हटलं, तिला बरं नाही.  त्याने समोरच्या शिंप्याला हाक मारून आणलं आणि दोघांनी मिळून तिला उभी केली. शिंपी गळ्यातली टेप सावरत म्हणाला, जड आहे हो. मी म्हटलं, कालपर्यंत नव्हती. तुझ्या बापाने गादी झटकली आणि वर नेऊन ठेवली. त्या दिवसापासून त्याने त्यावर एक अक्षर काढलेलं नाही. त्याच्या मानाने ही मोठी तपश्चर्या आहे.

आता नियम मीच केलेला. सत्तावीस वर्षांत तो मी किती जणांना ऐकवला असेल याची मोजदाद नाही. एका डॉक्टरला मी त्याच्या रुग्णांदेखत सांगितलं होतं की ज्याला आपली गाडी उचलता येत नाही त्याने घोड्यावर बसावं, तो निदान स्वतः उठतो. मी गुपचूप थोरलीवर बसून गेले असते तरी कुणाला कळलं नसतं. शिंप्याला नियम ठाऊक नाही आणि तुझा बाप त्यावर बोलला नसता. पण मला कळलं असतं. अडुसष्ट दिवस झाले, मी तिच्यावर बसलेले नाही. फेब्रुवारीच्या पत्रातले बावन्न किलोमीटर खरेच होते. बसचे होते.

बसला माझी हरकत नाही. पण तिला लागणाऱ्या वेळात मी पूर्वी दुसरा जबडा पूर्ण करायचे. दूरचे दोन दवाखाने सुटले, त्यांनी दुसरा माणूस बघितला. तिसराही हल्ली मला फार आदराने बोलवतो आणि बसायला खुर्ची देतो. माणूस तुम्हाला खुर्ची द्यायला लागला की समजावं.

दीडशेची घे असं तू म्हणशील. मी दीडशेच्या गाडीला जन्मभर सायकलची थोरली जाऊ म्हणत आले. सगळ्या दवाखान्यांत हसवलंय लोकांना. आता तिच्यावरच बसून त्यांच्या दारात उतरू? तुझा नोटरी आणि मी यांत फरक एवढाच, की मी अकरा किलोमीटरच्या पुढे जात होते.

आणि एक कबूल करायचं राहिलं. तुझं पत्र आलं ते मी गादीवर बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी. अकरा फेब्रुवारीचं ते उत्तर मी स्वतःलाच लिहिलं होतं. पाकिटावर पत्ता तेवढा तुझा घातला. तुला ते लागलं, त्याबद्दल चूक माझी.

थोरलीचं काय करायचं ते ठरलेलं नाही. विकवत नाही आणि चालवता येत नाही. सध्या तिच्यावर बनियन वाळतात.

आत्या


२४ एप्रिल

आत्या,

तू लिहिलंस ते बरं केलंस. मी धीराचे चार शब्द लिहिणार नाही, ते तू परत पाठवशील शुद्धलेखन तपासून.

माझंही ऐक. गेल्या मंगळवारी एका इमारतीत लिफ्ट अडकली, आत एक निवृत्त शिक्षिका. मी पोचले आणि तळघराच्या उतारावर गाडी पडली. तोंड खाली करून उभी केली होती, तुझं पत्र वाचूनही. उचलली. पण ओल्या उतारावर पाय लागेनात, सात मिनिटं गेली. बाई बाहेर आल्या त्या शांतपणे म्हणाल्या, तू खाली आल्याचा आवाज मी ऐकला होता, मग इतका वेळ काय करत होतीस? मी म्हटलं, पार्किंग.

म्हणजे माझ्या कामाला दीडशेचीच बरोबर होती. तू स्वतःला लिहिलेलं असलं तरी मलाही लागू होतं. मी ते मोठ्या गाडीच्या हट्टाने नाकारलं नाही, तू मला कमी लेखतेस या रागाने नाकारलं. दोन वर्षं तरी आता हीच चालवणार. चूक आहे, पण उचलता येते तोवर माझी आहे. बेकरीवाली म्हणाली, उतारावर पिशवी आधी काढून ठेवत जा. तिचा हा पहिला सल्ला.

या पाकिटात तुझं अकरा फेब्रुवारीचं पत्र घातलंय. तूच म्हणालीस, पत्ता चुकला होता. योग्य माणसाकडे परत पाठवते आहे. मजकुरात मी काही बदल केलेला नाही. सावकाश वाच, आणि 'वाद घालू नकोस' ही ओळ दोनदा.

तुझी,
लिफ्टवाली


५ मे

भाचीबाई,

पाकीट उघडलं आणि माझंच अक्षर बाहेर आलं. माणसाला आपलाच सल्ला टपालाने घरपोच मिळणं, तेही तिकीट दुसऱ्याने लावून, ही शिक्षा कोणत्या कायद्यात बसते ते तुझ्या नोटरीला विचार.

पत्र लिहिणारी बाई मला आवडली नाही. फार ठामपणे बोलते. 'मोठी गाडी ही शेवटी सवय असते, आणि सवयीलाच माणूस जन्मभर प्रेम म्हणत बसतो.' कवळी करणाऱ्या बाईने इतकं धारदार बोलू नये. पण एक वाक्य मी पडताळून पाहिलं. हसणाऱ्यांना तुझी गाडी उचलायची नसते. मी एकेक डॉक्टर डोळ्यांपुढे आणून बघितला. त्यातला एकही थोरली उचलायला आला नव्हता. आला होता तो शिंपी, आणि तो हसला नव्हता.

काल शोरूममध्ये जाऊन आले. विक्रेत्याने विचारलं, मुलासाठी बघताय का. मी म्हटलं, मुलगा नाही. मग म्हणाला, नातवासाठी? मी त्याला सांगितलं की मुलाशिवाय नातू आणायची सोय तुमच्याकडे असेल तर गाडी राहू दे, तेच दाखवा. मग त्याने दीडशेची दाखवली. लाल आहे. हॉर्न खरोखर सायकलसारखा आहे, यात तुझी टोळी चुकली नव्हती. बसून बघितली. दोन्ही पाय जमिनीला टेकले. चौदा वर्षं थोरलीवर माझ्या टाचा हवेत होत्या आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पण बसून बघणं म्हणजे मत झालं. शनिवारी गादी घेऊन जाणार आहे. उचलता आली तर घेईन, नाही तर बसचा महिन्याचा पास काढीन आणि पुन्हा हा विषय कुणी काढायचा नाही, तूही नाही. तुझा बाप बरोबर येतोय. गादी मीच धरतो म्हणाला. त्याला वाटतं तो सहजच येतोय. मी त्याला तसं वाटू दिलंय.

थोरलीची हवा भरली आणि बनियन काढायला लावले. ती तुझी. पण येशील तेव्हा अंगणात गादी असेल. उचललीस तर नेशील. नात्यागोत्याची सवलत नाही.

निकाल कार्डावर.

आत्या


(पोस्टकार्ड)

९ मे

उचलली. दोनदा. विक्रेत्याने काढलेला फोटो पहिल्या वेळी हलला होता.